चाळीस सेकंदांचा पल्ला

आमच्या इमारतीत अजून सतरा बिल्ले आहेत. मी मोजले आहेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, दोन बोटं रुंद, कडा कानशीनं घासलेल्या, अक्षरं पंचानं ठोकलेली. गच्चीवरच्या दोन टाक्यांवर दोन, टाक्यांमधून खाली येणाऱ्या पाइपांच्या व्हॉल्व्हवर सहा, जिन्यातल्या दिव्यांच्या बटणांवर चार, मीटरच्या खोलीत चार. सतरावा गच्चीवरच्या कुंडीला तारेनं बांधलेला आहे. त्यावर ‘मोगरा’ एवढंच ठोकलंय. मोगरा मोगऱ्यासारखाच दिसतो, बिल्ल्याची काही गरज नाही. पण बिल्ला काढायला कुणाचा हात होत नाही.

हे बिल्ले करणारे काका आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. आम्ही सगळे त्यांना ‘वरचे काका’ म्हणायचो आणि ते दर वेळी दुरुस्ती करायचे.

“वरचे म्हणजे कुणाच्या वरचे? चौथ्या मजल्यावरच्यांना मी खालचा आहे. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणा.”

ते एका कागदाच्या मिलमध्ये बॉयलर हाऊसवर पाळीप्रमुख होते. ती मिल दुसऱ्या जिल्ह्यात होती, आता बंद आहे. तिथली एक पद्धत त्यांनी घरी आणली होती. फोनवर सूचना द्यायची, ऐकणाऱ्यानं ती शब्द न बदलता उलट म्हणायची आणि शेवटी ‘मिळालं’ म्हणायचं. ‘मिळालं’ ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. दूधवाल्यालासुद्धा सुटका नव्हती.

“उद्या सकाळी सहा वाजता, म्हशीचं, अर्धा लिटर. उलट सांग.”

“काका, अकरा वर्षं तेच दूध घालतोय हो!”

“दूध तेच आहे. उद्या नवीन आहे. सांग.”

काकू मेथी निवडता निवडता म्हणायच्या, “लग्नात भटजी सावधान म्हणाले, तर ह्यांनी उलट सावधान म्हटलं. भटजी घाबरले बिचारे. एवढं मनावर घेणारा नवरदेव त्यांनी पाहिला नव्हता.”

माणूस असा काटेकोर, पण स्वप्नाळू. दोन्ही एकत्र असू शकतं हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. पहाटे साडेपाचला ते गच्चीवर येऊन पहिल्या टाकीला, म्हणजे बिल्ल्यावरच्या टा-१ ला, पाठ लावून बसायचे. तिथून पूर्वेला नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. थंडीत खाली धुकं असलं की चिमण्यांचे पाय दिसत नाहीत, नुसती टोकं हवेत उभी असतात. मग उजाडायच्या जरा आधी धूर गुलाबी होतो. काका तेवढ्यासाठी थांबायचे. मी गुडघ्यांसाठी म्हणून गच्चीवर फेऱ्या मारायचो, रोज चाळीस. एकदा ते म्हणाले, “तुम्ही चाळीस फेऱ्या मारता आणि जिथून निघालात तिथंच येता. मी एका जागी बसतो आणि कुठं कुठं जाऊन येतो.”

ते खरंच जाऊन यायचे. स्वप्नांची त्यांनी लॉगबुकासारखी वही ठेवली होती. तीन रकाने: वेळ, स्थिती, शेरा. एक नोंद मला पाठ आहे. ‘पहाटे चार चाळीस. बॉयलरच्या पातळीकाचेत पाण्याऐवजी तारे. पातळी स्थिर. कालावधी अंदाजे चार मिनिटं.’ आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्याच अक्षरात, ‘निरोप बाकी.’

मी पानं उलटली. स्वप्न कुठलंही असो, कधी तारे, कधी पाण्याखालची मिल, कधी कागदाच्या लगद्यावर चालत निघालेल्या काकू, शेरा एकच होता.

“कुणाला निरोप?” मी विचारलं.

“चांदवडला. एका माणसाला.” वही त्यांनी मिटली. “एकोणतीस वर्षं झाली. देईन.”

मग खेळाची गोष्ट आली.

मी अंबडच्या एका कारखान्यात भांडारपाल होतो. नोकरी सुटल्यावर घरी बसलो होतो. माझी पुतणी मृणाल आणि तिचे दोन मित्र आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत एक संगणकखेळ बनवत होते. अवकाशातला, आणि मराठीत. दोघांनी मिळून खेळायचा. एक वैमानिक, त्याला बाहेरचं आकाश दिसतं पण यंत्र दिसत नाही. दुसरा यंत्रवाला, त्याला सगळ्या कळा दिसतात पण बाहेरचं काही दिसत नाही. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं आणि नुसतं बोलून जहाज चालवायचं. जहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे प्रकाशापेक्षा वेगानं जातं. मृणाल म्हणाली, “काका, तुम्ही भांडार सांभाळलंत. आता आमचे शब्द सांभाळा.” तेव्हा मी खेळातल्या शब्दांची यादी करू लागलो.

महिनाअखेर खेळ दाखवायला न्यायचा होता. त्या आधी आम्ही ओळखीच्यांना बोलावून दहा जोड्या बसवल्या. दहापैकी सात जहाजं स्फोटात गेली.

सातवं जात होतं तेव्हा खोलीत आरडाओरडा चालला होता. “अरे झेप! झेप घे!” “झेप कुठाय? इथं उडी लिहिलंय!” “मग उडी दाब!” “दाबू का? वर दिव्यावर वार्प लुकलुकतंय, ते काय?” तेवढ्यात स्फोट झाला. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे होते. आवाजाची तक्रार करायला आलो म्हणाले, पण तक्रार केली नाही. पडद्यावर जहाजाचे तुकडे फिरत होते, त्यांच्याकडे बघत राहिले.

“काय झालं?”

मृणालनं सांगितलं. तीन जणांनी दोन वर्षांत लिहिलेला खेळ. ज्याला जो शब्द सुचला तो त्यानं घातला. कळीवर एक, दिव्यावर दुसरा, कप्तानाच्या तोंडी तिसरा.

काका खुर्चीत बसले. चेहरा उतरला होता. “एका गोष्टीला इतकी नावं,” ते म्हणाले. “माणूस मरणारच.”

“खेळातला आहे हो काका,” मृणाल म्हणाली.

“माणूस आहे ना?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे हिशेब मागितला. मी दोन दिवस बसून मोजलं. जहाजाच्या त्या प्रवासाला खेळात एकूण दोनशे चौदा ठिकाणी नाव दिलेलं होतं. उडी अठ्ठ्याऐंशी, झेप एकसष्ट, वार्प चौतीस, प्रकाशलंघन बावीस, अतिवेग नऊ. शिवाय आणखी एकतीस उड्या होत्या, त्या माणसाच्या. चंद्रावर उतरल्यावर तो खड्डे ओलांडतो, त्या.

ह्या एकतीस उड्यांनी माझी फजिती केली. झेप बरी वाटते म्हणून मी एका दमात सगळ्या उड्यांच्या जागी झेप घातली. संध्याकाळी मृणालचा मित्र हसून हसून खाली बसला. चंद्रावरचा माणूस गुडघाभर खड्ड्यासमोर उभा आणि पडद्यावर, झेप हा शब्द आला की येणारी जहाजाची सूचना: ‘झेपेआधी सर्व दारं बंद करा. पुढचा तारा चार प्रकाशवर्षं.’ मी एकतीस जागा हातानं परत फिरवल्या. भांडारात वीस वर्षांत माझ्याकडून अशी चूक झाली नव्हती.

काका हसले नाहीत. “बरं झालं,” म्हणाले. “आता माणसाची उडी पक्की झाली. ती जहाजाला मिळणार नाही.”

त्यानंतर तीन आठवडे ते रोज खाली यायचे. मृणालला वार्प हवं होतं.

“काका, सगळं जग तेच म्हणतं. मुलांना लगेच कळतं.”

“मग दोनशे चौदा ठिकाणी वार्प लिही. माझी ना नाही. बॉयलरला मी बॉयलरच म्हणतो. नाव चांगलं नसलं तरी चालेल, एकच पाहिजे.”

“पण कप्तान म्हातारा आहे, तो वार्प म्हणताना विचित्र वाटतो.”

“म्हणजे तू कप्तानासाठी दुसरं ठेवणार. म्हणजे पुन्हा दोन.”

प्रकाशलंघन त्यांनीच बाद केलं. वाफेच्या आवाजात एका दमात म्हणता येत नाही, एवढंच कारण दिलं. अंतराळात वाफ कुठली, असं मी विचारलं नाही. झेप मात्र त्यांनी आठवडाभर तोंडात घोळवली. गच्चीवर बसून स्वतःशीच म्हणायचे. मग एका पहाटे सांगितलं, “झेप घेणाऱ्याला निघाल्याचं कळतं. अंगाला कळतं. मी रात्री जाऊन बघितलं, तसं नसतं. तिथं निघाल्यासारखं वाटतच नाही. आपण बसलेलो असतो आणि जग आपल्या बाजूनं मऊ होत जातं.”

ते ‘जाऊन बघितलं’ म्हणाले तेव्हा मी वहीतली नोंद वाचायला मागितली. होती. वेळेसकट.

त्याच दिवशी त्यांनी कागदावर तीन चौकोन काढले. एक करायची गोष्ट. दुसरं ज्यानं करायचं ते यंत्र. आणि तिसरी मधली जागा. आमच्या खेळात यंत्र चालू झालं की चाळीस सेकंद जहाज इथलंही नसतं आणि तिथलंही नसतं. पडद्यावर नुसता संथ उजेड सरकत राहतो. तेवढ्या वेळात कुणी काही करायचं नसतं. मृणालनं ते संगणकात पुढचा तारा तयार व्हायला वेळ लागतो म्हणून ठेवलं होतं. काकांना सगळ्या खेळात तेवढंच आवडायचं. “ह्या तीन वस्तू आहेत,” ते म्हणाले, “तीन बिल्ले लागतील.” मधल्या जागेचा त्यांनी लगेच करून टाकला: ‘मधलं’. “दुसरं काय म्हणणार? मधलंच आहे ते.”

पहिला चौकोन मात्र रिकामा राहिला. तो काकूंनी भरला. त्या चहा घेऊन आल्या, चौकोनांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “एवढं जायचंय तरी कुठं तुम्हाला?”

“दुसऱ्या ताऱ्यावर,” मी म्हणालो.

“लांबचा पल्ला आहे. डबा बांधून देते.”

काकांनी कप खाली ठेवला. “लांबचा पल्ला आहे,” त्यांनी उलट म्हटलं. थोडं थांबले. “पल्ला.” मग आणखी एकदा, मोठ्यानं, पाळीवर ओरडावं तसं. खालून कुत्रं भुंकलं. “मिळालं,” ते काकूंना म्हणाले.

पल्ला, पल्लायंत्र, मधलं. मृणालनं तोंड वाकडं केलं, मग दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं आणि म्हणाली, “एसटीसारखं वाटतंय. पण कप्तानाला शोभतंय.” मी दोनशे चौदा जागा एकेक करून बदलल्या, ह्या खेपेला हातानं. पुन्हा दहा जोड्या बसवल्या. दोन जहाजं गेली, त्यातलं एक नवरा-बायकोचं होतं आणि ते शब्दांमुळे गेलं नाही.

मी यादी बंद करायला निघालो तर काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“अजून नाही. एका माणसानं हे नाव पास करायचं आहे.”

दुसऱ्या पहाटे त्यांनी गच्चीवर मला सगळं सांगितलं. धूर त्या दिवशी गुलाबी झाला नाही, ढग होते.

मिलच्या बॉयलर हाऊसमध्ये एक व्हॉल्व्ह होता. नकाशावर त्याचं नाव चौदा. पण काका त्याला ‘मागचा’ म्हणायचे, कारण ते नोकरीला लागले तेव्हा भिंत दुसऱ्या बाजूला होती आणि तो खरंच मागं होता. भिंत हलली, नाव राहिलं. बिल्ला कुणी लावला नाही. लावायचं काम पाळीप्रमुखाचं, म्हणजे ह्यांचं. एका दुपारी दाब वाढला. ह्यांनी फोन उचलून सांगितलं, “मागचा खोल,” आणि उलट ऐकायला न थांबता फोन ठेवला. घाई होती. पलीकडे चांदवडचा दौलत होता, चोवीस वर्षांचा, आठवड्यापूर्वी दुसऱ्या विभागातून आलेला. त्याच्या मागं दुसराच व्हॉल्व्ह होता. त्यानं तो खोलला. वाफेनं कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला.

“चौकशी झाली. अहवालात लिहिलं, कामगारानं चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. वाक्य खरं होतं. मी सही केली. दौलत हात बरा झाल्यावर गावी गेला, परत आला नाही.”

त्या दिवशी माझ्या फेऱ्या तेवीसच झाल्या.

“जायचं तर कशाला म्हणून जायचं, ते सापडत नव्हतं,” काका म्हणाले. “नुसतं जाऊन चूक झाली म्हणणं सोपं आहे. त्याला उठून माझं सांत्वन करावं लागलं असतं. आता काम आहे. ज्याला नावापायी इजा झाली, त्यानं नाव तपासायचं. बरोबर आहे की नाही?”

बरोबर होतं की नाही मला ठरवता आलं नाही. मी मृणालचे दोन लॅपटॉप घेतले. काकूंनी खरोखरच डबा बांधून दिला.

चांदवडच्या अलीकडे उतरून रिक्षानं आम्ही त्याच्या मळ्यात गेलो. दौलत कांदाचाळीत कांदा निवडत बसला होता. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. आम्हाला बघून उठला. काकांना ओळखायला त्याला एक क्षणही लागला नाही.

“साहेब?” तो म्हणाला. “या. बसा. नाशिकहून आले का? लय ऊन हाय.” बायकोला हाक मारून पाणी मागवलं. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होता.

काकांनी पाणी घेतलं आणि थेट कामाचं काढलं. “एक नाव तपासून पाहिजे. मशीनवर बसावं लागेल. तू यंत्रावर, मी बाहेर बघणार.”

दौलतनं माझ्याकडे बघितलं. “ह्यांना बरंय ना?”

“बरंय,” मी म्हणालो. “खेळ आहे एक.”

“आता या वयात खेळ!” तो पहिल्यांदा हसला. “आना. कांदा काय पळून जात नाय.”

दोन गोण्यांवर दोघं पाठीला पाठ लावून बसले. चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या त्यांच्या अंगावर पडल्या होत्या आणि कांद्याची साल हवेत तरंगत होती. मी दौलतला कळा दाखवल्या. काय म्हणायचं ते सांगितलं नाही, काकांनी बजावलं होतं.

जहाज सुटलं. काकांनी दोन-चार लहान सूचना दिल्या. डावीकडे, जरा कमी, थांब. दौलत नुसतं करत होता. मग काकांचा आवाज बदलला. तो घरातला आवाज नव्हता.

“पल्ला.”

दौलतचा हात कळीवर थांबला. मला वाटलं, विचारणार. पण त्याची मान ताठ झाली आणि तोंडातून शब्द आपोआप आला, जसा पूर्वी येत असेल.

“पल्ला,” त्यानं उलट म्हटलं. “मिळालं.” आणि कळ ओढली.

दोन्ही पडदे मऊ झाले. संथ उजेड सरकू लागला. दौलत पुढची सूचना यायची वाट बघत बसला. मी सवयीनं सेकंद मोजत होतो. बाराव्या सेकंदाला काका बोलले. पडद्याकडे बघत, पाठ न वळवता.

“त्या व्हॉल्व्हला दोन नावं होती. दुसरं माझं होतं. मी उलट ऐकून घेतलं नाही. चूक माझी होती.”

अठरा. वीस. दौलतचा डावा हात मांडीवर होता. त्यानं बाही मनगटापर्यंत आणखी खाली ओढली.

“रिपोर्टात तसं नव्हतं लिवलं,” तो म्हणाला.

“नव्हतं. सही माझी आहे.”

पंचवीस. बाहेर त्याची बायको कुणाला तरी चहाचं विचारत होती. सत्तावीस. काका थांबले होते. आयुष्यभर लोकांना ‘उलट सांग’ म्हणणारा माणूस ते दोन शब्द म्हणाला नाही. एकतिसाव्या सेकंदाला दौलतनं घसा साफ केला.

“त्या व्हॉल्व्हला दोन नावं होती,” तो सावकाश म्हणाला. “दुसरं तुमचं होतं. तुम्ही उलट ऐकून घेतलं नाय. चूक तुमची होती.” आणि जरा थांबून, “मिळालं.”

चाळीस. जहाज पोचलं. पडद्यावर मोठा पिवळा तारा उभा राहिला. तो दौलतला दिसत नव्हता, नुसते दिवे हिरवे झालेले दिसत होते.

“आता पुढं काय वढायचं ते सांगा,” तो म्हणाला. “आन् नाव एकच ठेवा.”

तासभर खेळले. तीन तारे गाठले. निघताना दौलतनं अर्धी गोणी कांदा रिक्षात ठेवला. हात हातात घेतला नाही, पाया पडला नाही. “पुन्हा या” म्हणाला. काकांनी ते उलट म्हटलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून काकांना झोप लागली. तोंड किंचित उघडं, मांडीवर काकूंचा रिकामा डबा. दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मळे मागं जात होते आणि संध्याकाळचा उजेड आडवा पडला होता. मी यादी काढली आणि पहिल्या ओळीसमोर ‘पास’ लिहिलं. ओझरच्या पुढं कुठंतरी त्यांनी डोळे अर्धे उघडले.

“कुठं आहोत?”

मी बाहेर बघितलं. पाटी दिसत नव्हती.

“मधे,” मी म्हणालो.

“मधे,” ते म्हणाले. “मिळालं.” आणि पुन्हा झोपले.